शहर शिकवणाऱ्या शाळा

आपल्या साहित्यात गावावर प्रेम करायला कारण लागत नाही. माणूस जिथे जन्मला, जिथल्या ओढ्यात पोहला, जिथल्या देवळाच्या ओट्यावर दुपारी झोपला, तिथली ओढ त्याला असणारच, असे आपण धरून चालतो. शहराच्या बाबतीत मात्र उलटे. मुंबई आवडते असे कोणी म्हटले, की ऐकणारा लगेच कारण विचारतो. सांगणाराही जरा ओशाळून समुद्र, मध्यरात्री मिळणारे खाणे, कामाची कदर अशी यादी पुढे करतो. शहर हे पोटासाठी सोसायचे ठिकाण, ही समजूत आपल्या कथा-कवितांत इतकी मुरली आहे, की शहरावरच्या प्रेमाचा स्वतंत्र विचार आपण फारसा करत नाही.

तो करायला हवा, असे मला वाटते ते एका साध्या आकड्यामुळे. १९२१च्या जनगणनेत मुंबईतल्या दर पाच माणसांपैकी चार माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. म्हणजे ज्यांनी हे शहर चालवले, त्यांतल्या बहुतेकांना त्याची ओढ जन्माने मिळालेली नव्हती. तरी याच माणसांनी इथे उत्सव सुरू केले, ग्रंथालये काढली, संप केले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईसाठी गोळ्याही झेलल्या. परक्या ठिकाणासाठी कोणी जीव देत नाही. मग हे ठिकाण त्यांना आपले कसे झाले?

माझे उत्तर असे, की ते शिकून आपले झाले. शहर आवडणे ही बरीचशी शिकण्याची गोष्ट आहे, पोहण्यासारखी किंवा स्वयंपाकासारखी. शहर कसे चालते हे जितके कळते, तितके ते आपले होते. आणि मुंबईत हे शिकवणाऱ्या शाळा होत्या. त्यांच्यावर पाट्या नव्हत्या, पण त्यांत शिकून लाखो माणसे तयार झाली. त्यांतल्या काही शाळांची ही ओळख.

पहिले पाठ्यपुस्तक

१८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक लिहिले. एका शहरावर मराठीत लिहिलेले हे पहिले मोठे पुस्तक. ते कोणत्या काळात आले, हे पाहण्यासारखे आहे. दहाच वर्षांपूर्वी, १६ एप्रिल १८५३ला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली होती. ताडदेवची पहिली कापडगिरणी सुरू होऊन सात-आठ वर्षे झाली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. किल्ल्याच्या भिंती पाडण्याचा काळ तो हाच. पुढच्या वर्षी, १८६४ला, शिरगणती झाली तेव्हा शहरात ८,१६,५६२ माणसे मोजली गेली.

अशा वेळी माडगावकर बेटांच्या इतिहासापासून सुरुवात करून देवळे, मशिदी, बाजार, जातीजमाती, धंदे, रेल्वे असे सगळे शहर मराठी वाचकापुढे मांडतात. गावाचे असे वर्णन कोणी लिहीत नाही, कारण त्याची गरज नसते. गावातल्या पोराला कोणाचे शेत कुठे संपते हे आपोआप कळते. शहराचे वर्णन लिहावे लागते, कारण ते एका माणसाच्या नजरेत मावत नाही, आणि त्यात रोज नवा माणूस येत असतो. पुढे १८८९मध्ये आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला. ही पुस्तके आज आपण इतिहासाची साधने म्हणून वाचतो. मला ती आधी नवख्यासाठी केलेली पाठ्यपुस्तके वाटतात. शेजारी कोण राहतो, तो काय खातो, कशाला भजतो, माल कुठून येतो आणि कुठे जातो, हे कळल्याशिवाय इथे राहता येणार नाही, हा त्यांचा पहिला धडा आहे.

पाट्यांवरचा भूगोल

पुस्तक सगळ्यांच्या हाती येत नाही. ठिकाणांची नावे मात्र सगळ्यांच्या तोंडी असतात, आणि मुंबईतली नावे म्हणजे फुकट मिळणारे भूगोलाचे पुस्तक आहे. बरीच वर्षे रविवारी सकाळी एखाद्या नावाचा माग काढत पायी फिरण्याचा माझा परिपाठ आहे. शहर कसे पाहावे असे कोणी विचारले, तर मी हाच मार्ग सांगतो. प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवावी आणि एक नाव घेऊन निघावे.

पायधुणी घ्या. आज तिथे पाय ठेवायला जागा शोधावी लागते. पण नावाचा पारंपरिक अर्थ असा, की बेटांमधल्या खाडीचे पाणी इथे भरतीला येई, आणि ते ओलांडून आलेला माणूस पाय धुऊन पुढे जाई. जवळच उमरखाडी आहे. तिच्या नावात खाडी उघड उघड बसली आहे. धोबीतलावात तलाव नाही आणि गोवालिया टँकला टाके दिसत नाही. दोन्ही बुजवले गेले, नावे तेवढी उरली. फणसवाडी, चिंचबंदर, चिंचपोकळी ही नावे ऐकली, की आधी इथे झाडे होती हे वेगळे सांगावे लागत नाही. कुंभारवाडा, तांबाकाटा, लोहार चाळ, झवेरी बाजार ही नावे धंद्यांची. कॉटन ग्रीन हे नाव तर चालत आलेले आहे. कापसाचा बाजार आधी किल्ल्यातल्या चर्चसमोरच्या हिरवळीवर भरे, मग तो कुलाब्याला गेला, तिथून शिवडीकडे आला, आणि नावही त्याच्यामागून आले.

चर्चगेट हे त्यातले सर्वांत बोलके. रोज लाखो माणसे चर्चगेटला उतरतात. त्यांना तिथे दार दिसत नाही आणि चर्चही दिसत नाही. स्टेशनातून बाहेर पडून हुतात्मा चौक ओलांडून हॉर्निमन सर्कलच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटे चालत गेले, की सेंट थॉमस कॅथेड्रल लागते. ते १७१८मध्ये उपासनेसाठी खुले झाले. त्याच्या रस्त्यावरचा किल्ल्याचा दरवाजा म्हणजे चर्चगेट. १८६०च्या दशकात किल्ल्याच्या भिंती गेल्या, दरवाजा गेला, पण नाव आगगाडीच्या वेळापत्रकात जाऊन बसले. ही दहा-पंधरा मिनिटे जो चालतो, त्याला कळते की आपण दीडशे वर्षांपूर्वी पडलेल्या भिंतीतून आत शिरलो आहोत. त्यानंतर ते स्टेशन त्याला नुसते गर्दीचे ठिकाण राहत नाही.

अमेरिकी नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी १९६०च्या आपल्या ग्रंथात बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या रहिवाशांना आठवणीने शहराचा नकाशा काढायला सांगितला होता. माणसाच्या मनातला नकाशा वाटा, कडा, वस्त्या, नाके आणि खुणा यांचा बनलेला असतो, असे त्यांनी दाखवले. ज्या शहराचा नकाशा मनात नीट उमटतो, तिथे माणसाला हरवल्याची भीती वाटत नाही. आपल्याकडे पत्ता सांगायची रीत नेमकी हीच आहे. ‘नाक्यावर पिंपळ लागेल, त्याच्या पुढच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवर.’ इमारतीचा क्रमांक शेवटी, आठवला तर.

आणि हे ज्ञान केवळ हौसेचे नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईकरांना मिठी ही गटार नसून नदी आहे याची आठवण झाली. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. कुठे खाडी होती, कुठे भराव घातला, कुठला भाग बशीसारखा सखल आहे, हे ज्याला माहीत असते तो पावसाळ्यात कोणत्या रस्त्याने जायचे नाही हेही जाणतो.

गावाची खोली आणि खानावळ

पण नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला नावांचा इतिहास नको असतो. त्याला वळकटी टाकायला जागा हवी असते. त्यासाठी मुंबईने एक संस्था घडवली, तिच्यावर आपण फार कमी लिहिले आहे. ती म्हणजे गावाची खोली.

गिरणगावात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या गावांनी चाळीत एखादी खोली धरलेली असे. भाडे सगळ्यांनी मिळून भरायचे. एका खोलीत पंधरा-वीस माणसे राहत, कारण ती पाळीने राहत. दिवसपाळीचा कामावर गेला, की त्याच्या जागी रातपाळीचा झोपे. भिंतीला ओळीने ट्रंका लागलेल्या, वर दोरीवर कपडे. बायका-मुले गावी आणि पगारातली मनीऑर्डरही गावी. मी १९८७ साली पाटण तालुक्यातून आलो तो अशाच एका खोलीत. तेव्हा गिरण्यांचा संप होऊन गेलेला होता आणि खोलीत म्हातारे जास्त, तरणे कमी होते. तरी पद्धत शिल्लक होती. नव्या पोराला पहिला आठवडा कोणी एकटे सोडत नसे. नळ किती वाजता येतो, कुठल्या फलाटावर उभे राहायचे, पाकीट कोणत्या खिशात ठेवायचे, कोणाकडून उसने घ्यायचे नाही, हे सगळे सांगितले जाई. सांगणारे काका स्वतः चाळीस वर्षांपूर्वी असेच ऐकून शिकलेले असत.

ही रीत फक्त घाटावरच्यांची नव्हती. धोबीतलाव-गिरगाव भागात गोव्याच्या गावांच्या ‘कूड’ होत्या. काही अजून आहेत. बोटीवर जाणारे खलाशी, नोकरी शोधायला आलेले तरुण, उपचारासाठी आलेले गावकरी तिथे उतरत. गावच्या संताची तसबीर, संध्याकाळची प्रार्थना, आणि वर्गणी हा त्यांचा पाया. कोकणातला मराठी गिरणी कामगार आणि गोव्याचा कोकणी ख्रिस्ती खलाशी यांची भाषा वेगळी, देव वेगळा, पण शहरात उतरण्याची शिडी एकच.

खोलीला जोडून खानावळ. ती चालवणारी बहुधा एखादी गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा. महिन्याच्या हिशेबाने दोन वेळचे जेवण. संपाच्या काळात पगार नाही म्हणून पानावरून कोणाला उठवले जात नसे, त्यामुळे संपाचा बोजा या बायकांवरही पडे. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गावाहून आलेल्या माणसाला शहराची पहिली चव या बायकांनी दिली. शहरात अनोळखी माणूसही तुम्हाला उधारीवर जेवू घालतो, हा विश्वास त्यांनी शिकवला.

पण या खोलीचा गोडवा सांगताना तिची भिंतही सांगायला हवी. गावाची खोली म्हणजे बहुधा जातीचीही खोली. गिरणीत साच्यावर, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार जास्त मिळे. तिथे दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याला इतर कामगारांची हरकत होती. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. बाबासाहेब स्वतः परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षे राहिले. पुढे संविधान सभेत त्यांनी खेड्याचे गोडवे गायला स्पष्ट नकार दिला, त्यामागे हाही अनुभव असणार, की ज्याला गावात पाणवठा बंद होता त्याच्यासाठी गावची ओढ आणि शहराची ओढ यांचा हिशेब वेगळा असतो. शहराने जात संपवली नाही. पण ट्राममध्ये शेजारी कोण बसले आहे हे विचारायची सोय तिथे उरली नाही. ज्यांच्यासाठी ही गोष्ट मोठी होती, त्यांना शहर आवडण्याचे कारण कोणी विचारू नये.

गॅलरी आणि डबा

खोलीतून बाहेर आले की चाळीची गॅलरी. पहिल्या महायुद्धानंतर घरांची फार टंचाई झाली, तेव्हा १९२०मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले. त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बांधलेल्या इमारती म्हणजे बीडीडी चाळी. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत संसार मावत नाही, म्हणून तो गॅलरीत येतो. पापड तिथेच वाळतात, अभ्यास तिथेच होतो, भांडणेही तिथेच होतात. जेन जेकब्ज या लेखिकेने १९६१मध्ये अमेरिकी शहरांबद्दल लिहिताना असे म्हटले होते, की रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्यावर असणाऱ्या रहिवाशांच्या नजरेमुळे. चाळीतल्या कोणालाही हे पटवून द्यावे लागले नसते. गॅलरीत बसलेल्या आजी हीच तिथली चौकी. या नजरेचा जाचही होता, विशेषतः तरुण मुलींना. पण शेजाऱ्याचे काय चालले आहे याची खबर असणे आणि त्याच्या मदतीला धावणे या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३मध्ये सार्वजनिक गणपती बसला, त्यालाही हेच अंगण लागले.

दुसरी मोठी शाळा लोकलचा डबा. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, आणि आज रोज सत्तर लाखांच्या आसपास माणसे लोकलने जातात. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३च्या निबंधात महानगरातल्या माणसाचे मन कसे बनते ते सांगितले आहे. इतक्या चेहऱ्यांना आणि आवाजांना प्रत्येक वेळी दाद देत बसला तर माणूस कोलमडेल, म्हणून तो वर एक अलिप्ततेचे कवच चढवतो. मुंबईचा माणूस कोरडा वाटतो तो यामुळे. नवख्याला ते कवच पहिल्यांदा दिसते आणि तो दुखावतो.

त्या कवचाच्या आत काय आहे, ते समजायला रोज तीच गाडी पकडावी लागते. आठ बाराच्या गाडीचा तिसरा डबा म्हणजे एक गाव असते. कोण कुठे चढणार, कोण कुठे बसणार हे ठरलेले. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तेव्हा कोणी परवानगी विचारत नाही, फक्त थोडे सरकतो. कुर्ल्यापर्यंत बसलेला माणूस उठून उभ्याला जागा देतो. भजनी मंडळी टाळ घेऊन येतात. दसऱ्याला डब्याला हार चढतो. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होते, डोहाळजेवणही होते. इथे एकमेकांची आडनावे माहीत नसतात, पण कोणी दोन दिवस दिसले नाही की चौकशी होते. अनोळखी माणसाशी कसे वागावे, त्याला किती जागा द्यावी, कधी बोलावे, कधी खिडकीबाहेर पाहावे, याचे जे शिष्टाचार मुंबईत आहेत, ते बहुतेक या डब्यात घडले आहेत. गावाच्या संस्कृतीत ओळखीच्या माणसाशी वागण्याचे शंभर नियम आहेत. अनोळखी माणसाशी वागण्याचे नियम शहराला नव्याने बनवावे लागले.

या शाळेत सगळ्यांना सारखा प्रवेश मिळाला नाही. ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर बायकांसाठी संपूर्ण गाडी सुरू झाली, ती मागणीतून. शहर पायी भटकून शिकावे असे मी वर लिहिले, पण काम नसताना नाक्यावर उभे राहणे पुरुषाला जितके सहज जमते तितके बाईला जमत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे मुंबईवरचे ‘व्हाय लॉयटर?’ हे २०११चे पुस्तक नेमका हाच प्रश्न विचारते. बाई रस्त्यावर दिसते ती कुठून तरी कुठे तरी जाताना. तिला विनाकारण थांबण्याचा हक्क का नाही? शहरावर प्रेम जडायला थोडा रिकामा वेळ आणि थोडी निर्धास्त जागा लागते. ज्याला ती नाही, त्याला शहर रुक्षच वाटणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

नळाच्या मागे

शेवटचा धडा जरा अवघड आहे. शहराचे नुसते रंग आवडून भागत नाही, त्याचे देणेही कळावे लागते. मला तो धडा पाण्याने दिला.

मुंबईला पाणी देणारे तलाव सात. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा, तानसा १८९२चा. पुढे मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४मध्ये मध्य वैतरणा. विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत. बाकीचे लांब, ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरांत. रोज साडेतीनशे कोटी लिटरहून अधिक पाणी शहरात येते, आणि त्यातले बरेचसे उताराने वाहत येते. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत तलावांची पातळी रोज छापून येते. मुंबईकर ती वाचतो आणि निश्चिंत होतो. एकदा त्या पाइपांच्या कडेने उलट्या दिशेने प्रवास करून पाहावा. शहापूर तालुक्यात, या धरणांच्या अवतीभवती, असे आदिवासी पाडे आहेत जिथे उन्हाळ्यात बायकांना हंडा घेऊन लांब चालावे लागते, आणि टँकरची वाट पाहावी लागते. धरण त्यांच्या शेजारी, पाणी आपल्या नळाला.

हे कळल्यावर शहर कमी आवडते का? मला तसे वाटत नाही. घरातले माणूस कसे आहे हे पुरते कळल्यावर जी माया उरते, ती अशीच असते. मात्र त्या मायेबरोबर जबाबदारी येते. तानसा कुठे आहे हे ज्याला माहीत नाही, तो नळ सोडून ठेवतो.

शाळा बंद होताना

आता या शाळांचे काय चालले आहे ते पाहू. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर पाळीने झोपणारी खोली आणि महिन्याची खानावळ गेली. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्यांना ५०० फुटांचे घर मिळते आहे. ते त्यांच्या हक्काचे आहे, आणि सामाईक संडासाच्या रांगेत न उभे राहिलेल्या कोणी त्यावर उसासे टाकू नयेत. तरी मनोऱ्याच्या पंचविसाव्या मजल्यावर गॅलरी नाही, हेही खरे.

त्यात वाट दाखवायला फोन आला. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायला हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २०००मध्ये तिथल्या संशोधकांनी या चालकांच्या मेंदूची चित्रे काढली, तेव्हा ठिकाणे लक्षात ठेवण्याशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आढळला. शहर शिकणे हे असे शरीरात उतरते. फोन आपल्याला मुक्कामी नेऊन सोडतो, आणि त्यासाठी कोणाला काही विचारावे लागत नाही. वेळ वाचतो, याबद्दल तक्रार नाही. पण वाट विचारणे हे शहरातले पहिले संभाषण होते. ते गेले, की माणूस पाच वर्षे राहूनही घर, ऑफिस आणि मॉल अशी तीनच बेटे ओळखतो. बेटे जोडून बनलेल्या शहरात हे जरा विचित्रच.

तरी सगळ्याच शाळा बंद झालेल्या नाहीत. काहींची भाषा बदलली आहे, म्हणून आपल्याला त्या दिसत नाहीत. साकीनाका, धारावी, गोवंडी इथे आजही एका खोलीत दहा-बारा तरुण पाळीने झोपतात. ते उत्तर प्रदेशचे, बिहारचे, बंगालचे असतात. त्यांच्यातही कोणी एक जुना असतो, जो नव्याला पाकीट कुठे ठेवायचे ते सांगतो. घरपोच खाणे आणून देणाऱ्या मुलाला कोणत्या इमारतीचे मागचे फाटक उघडे असते, कुठला वॉचमन पाणी देतो, कुठली लिफ्ट त्याच्यासाठी बंद असते, हे सगळे पाठ आहे. शहराचे आजचे वर्णन लिहायचे झाले, तर माडगावकरांना याच मुलाला गाठावे लागेल. आमच्या खोलीतल्या काकांकडे होते तेच ज्ञान त्याच्याकडे आहे. फरक एवढाच, की त्या काकांना आपण ‘आपली माणसे’ म्हणत होतो.

म्हणून शहर आवडावे यासाठी काय करावे, असे विचारणाऱ्याला मी तीन गोष्टी सांगतो. एका नावाचा अर्थ पायी जाऊन शोधा. रोजच्या वापरातली एक वस्तू, पाणी, भाजी, कचरा, काहीही, कुठून येते आणि कुठे जाते ते शेवटपर्यंत जाऊन पाहा. आणि कोणी वाट विचारली, तर फोनकडे बोट न दाखवता थांबून नीट सांगा, जमले तर नाक्यापर्यंत सोबत जा. पहिल्या दोन गोष्टींनी आपण शहर शिकतो. तिसरीने ते शिकवतो. मुंबईत आलेल्या बहुतेक घराण्यांत कोणी ना कोणी पहिल्या दिवशी दादरच्या पुलावर गोंधळून उभा राहिला होता, आणि कोणीतरी अनोळखी माणसाने घाईत असूनही थांबून त्याला सांगितले होते, की पश्चिमेला जायचे तर या जिन्याने उतरा. त्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्याची फेड आज पुलावर उभ्या असलेल्या पोराला वाट सांगूनच होईल.